पृष्ठभागावरचे डावे-उजवे रेणू आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतले एम.एस्सी.चे विद्यार्थी, वाळूज-शेंद्र्याच्या औषध कारखान्यांत तपासणीचं काम करणारी मंडळी आणि साखर कारखान्यांच्या लॅबमधले केमिस्ट यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. संज्ञा वर्गात आणि लॅबमध्ये बोलल्या जातात तशाच ठेवल्या आहेत.

कायरल रेणू म्हणजे काय, आणि पृष्ठभागाचा एवढा आग्रह कशासाठी?

रेणूचं आरशातलं प्रतिबिंब मूळ रेणूवर तंतोतंत बसत नसेल, तर तो रेणू कायरल. डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसं. उसातली साखर, चिंचेतलं टार्टारिक आम्ल, मोसंबीच्या सालीतलं लिमोनीन, आपली सगळी प्रथिनं कायरल आहेत. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्याच एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. इथून हा विषय सुरू होतो.

आता पृष्ठभागाचं. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप स्पिअरमिंट पुदिन्यासारखा वास देतं, तर त्याचं प्रतिबिंब बाळंतशेपांच्या तेलात सापडतं. अणू तेच, जोडणी तीच, तरी नाकाला फरक कळतो, कारण नाकातले ग्राही स्वतः कायरल आहेत. ही ओळख पेशीच्या पडद्यावर पटते, भांड्यातल्या द्रावणात नाही. उत्प्रेरकाचंही तसंच. टार्टारिक आम्ल तांब्याच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर बसवलं, तर रेणूंच्या रांगा ठरावीक बाजूला झुकलेल्या दिसतात आणि त्याच्या प्रतिबिंबी रूपाच्या रांगा विरुद्ध बाजूला झुकतात. डाव्या-उजव्याचा निवाडा जिथे होतो तिथेच मोजमाप करायला हवं, पण त्या जागी रेणूंचा थर एकाच पदराचा असतो.

आमच्या कारखान्यात पोलरीमीटरवर रोज पोल (रसातलं साखरेचं प्रमाण) काढतो. तेच यंत्र इथे का चालत नाही?

आकडेमोड करून बघू, तुमच्याच नळीवर. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात, २०० मिलिमीटरची नळी, सोडियमचा पिवळा प्रकाश. वळण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरली ते, येतं साधारण ३४.६ अंश आणि स्केलवर १००. आता समजा, नळीत पाण्याऐवजी घट्ट साखरच भरली. साखरेची घनता सहापट होते, म्हणजे वळण सुमारे २११ अंश. ही नळी कापत कापत एका नॅनोमीटरवर आणली, तर २११ भागिले वीस कोटी. उत्तर येतं एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाएवढं.

चांगला पोलरीमीटर अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचतो. आपल्याला त्याहून हजारपट बारीक वाचायचं आहे, तेही थराखालच्या काचेचा किंवा पाण्याचा परिणाम वगळून. इथे यंत्राला दोष नाही. प्रकाशाचं वळण किती लांबीतून तो गेला यावर अवलंबून असतं, आणि एका थराला लांबी अशी नसतेच. म्हणून प्रश्नच वेगळ्या प्रकारे विचारावा लागतो.

‘नॉनलिनियर’ किंवा अरेषीय प्रकाशशास्त्र म्हणजे काय?

साधा प्रकाश पदार्थावर पडला की इलेक्ट्रॉन त्याच्याच तालावर हलतात. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र दुप्पट केलं की हालचालही दुप्पट होते. तीव्रता फार वाढवली की हे साधं प्रमाण मोडतं. हालचालीत क्षेत्राच्या वर्गाशी निगडित असा एक छोटा भाग मिसळतो आणि तो दुप्पट वारंवारतेचा प्रकाश बाहेर टाकतो. ८०० नॅनोमीटरचा लाल-अवरक्त प्रकाश आत गेला तर ४०० नॅनोमीटरचा जांभळा बाहेर येतो. याला सेकंड हार्मोनिक जनरेशन म्हणतात, बोलताना एसएचजी. दोन वेगळ्या रंगांचे किरण एकत्र पाडले तर त्यांच्या वारंवारतांची बेरीज बाहेर येते, ती सम फ्रिक्वेन्सी जनरेशन, म्हणजे एसएफजी.

पहिला लेसर १९६० चा. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि ३४७ वर एक अगदी फिकट ठिपका मिळवला. निबंध छापताना तो ठिपका डाग समजून पुसला गेला, असा किस्सा या क्षेत्रात आवडीने सांगितला जातो.

जत्रेत मिळणाऱ्या बऱ्याच हिरव्या लेसर पॉइंटरमध्ये हेच घडतं. आत १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश तयार होतो आणि एक इवलासा स्फटिक त्याचा ५३२ चा हिरवा करतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले, त्या जातीच्या वेधशाळांमध्ये अमेरिकेत १०६४ चं ५३२ करून त्यातून ‘स्क्वीझ्ड’, म्हणजे कमी गोंगाटाचा, प्रकाश बनवतात. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

हा दुप्पट प्रकाश पृष्ठभागावरूनच येतो, आतून नाही, हे कशावरून?

सममितीवरून. पाणी, काच किंवा साध्या द्रवाच्या आत सरासरीने बघितलं तर सगळ्या दिशा उलट्या केल्या तरी काही बदलत नाही. विद्युत क्षेत्राचं चिन्ह उलटं केलं तर पदार्थाचा प्रतिसादही उलटा व्हायला हवा. पण वर्गात चिन्ह उरत नाही, वजा गुणिले वजा अधिकच. एकच राशी उलटीही हवी आणि तशीच राहायलाही हवी, म्हणून ती शून्य. पृष्ठभागावर मात्र वर हवा आणि खाली पाणी, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तिथे ही अट सुटते आणि सिग्नल येतो. निकोलास ब्लोमबर्गन आणि पीटर पर्शन यांनी सीमेवरच्या अरेषीय प्रकाशाचं गणित १९६२ मध्ये मांडलं. १९८० च्या दशकात बर्कलीमध्ये वाय. आर. शेन यांच्या गटाने त्यातून पृष्ठभाग तपासण्याचं हत्यार घडवलं.

पण कायरल द्रवाच्या आतही सममिती नसतेच. मग तिथून सिग्नल का येणार नाही?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला विषय कळला असं समजा. एकाच हाताचे रेणू असलेला द्रव दिशा उलटवल्यावर दुसऱ्या हाताचा होतो, म्हणजे वरचा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. मग वाचवतं कोण?

द्रवाच्या आत रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असतात. अशा माध्यमात दुसऱ्या घाताचा एकच प्रतिसाद शिल्लक राहतो : दोन येणाऱ्या क्षेत्रांचा सदिश गुणाकार, आपला बारावीतला क्रॉस प्रॉडक्ट. एसएचजीमध्ये दोन्ही क्षेत्रं एकाच किरणाची. सदिशाचा स्वतःशीच क्रॉस प्रॉडक्ट शून्य. म्हणून कायरल द्रवाच्या आतून विद्युत-द्विध्रुवी, म्हणजे नेहमीचं बलवान एसएचजी येत नाही, आणि जे येतं ते पृष्ठभागाचं मानता येतं.

एसएफजीमध्ये दोन किरण वेगळे असतात, तेव्हा हा गुणाकार शून्य होत नाही आणि आतून सिग्नल येऊ शकतो. हे जोसेफ जॉर्डमेन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं. पुढच्या वर्षी अरॅबिनोज साखरेच्या द्रावणातून असा प्रकाश मिळाल्याचं जाहीर झालं. मग २००० साली फिशर, बकिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी हिशेब आणि प्रयोग करून दाखवलं की हा परिणाम पूर्वी मानला होता त्याहून फारच लहान आहे. त्याच वर्षी शेन यांच्या गटाने कंपनांच्या एसएफजीमधून एका कायरल द्रवाचा सिग्नल पकडला, आणि तो द्रव होता लिमोनीन. जालन्याच्या मोसंबीची साल वाकवल्यावर जो फवारा उडतो, त्यात बहुतांश हेच असतं.

‘एसएफजी म्हणजे फक्त पृष्ठभाग’ हे वाक्य कायरल नमुन्याला डोळे झाकून लावता येत नाही, एवढं यातून घ्यायचं. पाठ्यपुस्तकी सारांशात ही अट हमखास गळते.

कायरल सिग्नल साध्या सिग्नलपासून वेगळा कसा करतात?

पोलरायझेशनने, म्हणजे प्रकाशाचं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेला हलतं त्यावरून. येणारा आणि परावर्तित किरण ज्या उभ्या प्रतलात असतात, त्या प्रतलातलं क्षेत्र म्हणजे ‘पी’ आणि त्याला लंब असलेलं ‘एस’. हे प्रतल आरसा आहे असं धरा. पृष्ठभाग कायरल नसेल आणि सपाटीत सगळीकडून सारखा असेल, तर या आरशात बघितल्यावर काही बदलत नाही. आत ‘पी’ प्रकाश सोडला, तोही आरशात तसाच दिसतो. म्हणजे बाहेर येणारा प्रकाशही तसाच दिसायला हवा. पण ‘एस’ क्षेत्र आरशात उलटं होतं. स्वतःच्या उलट्याशी समान असणारी राशी शून्यच असते, म्हणून साध्या पृष्ठभागावर ‘पी’ आत आणि ‘एस’ बाहेर असा एसएचजी मिळत नाही. रेणू कायरल असतील तर तो आरसाच उरत नाही आणि अंधाऱ्या जागी प्रकाश दिसतो.

एसएफजीमध्ये तीन किरण असतात, तिथे ‘एस’ मोजायचे. एकही नाही किंवा दोन आहेत, तर साधा सिग्नल. एकच ‘एस’ असेल (पीएसपी, एसपीपी, पीपीएस), तर कायरल. संपूर्ण टेन्सरमध्ये, म्हणजे तिन्ही क्षेत्रांच्या दिशांनुसार प्रतिसाद सांगणाऱ्या तक्त्यात, २७ घटक असतात. सपाटीत सारख्या साध्या पृष्ठभागावर त्यातले ७ शून्येतर राहतात, कायरल झाला की आणखी ६ जागे होतात. परीक्षेसाठी हे पाठ करू नका, आरशाचा युक्तिवाद लावून एकदा स्वतः काढा. एका दुपारचं काम आहे.

सर्क्युलर डायक्रोइझमपेक्षा हे सरस कामून?

सर्क्युलर डायक्रोइझममध्ये (सीडी) डाव्या-उजव्या गोलाकार प्रकाशाच्या शोषणातला फरक हजारात एक-दोन भागांएवढाच असतो. रेणूचा विद्युत प्रतिसाद आणि त्याचा दुबळा चुंबकीय प्रतिसाद यांच्या गुणाकारातून तो येतो, आणि चुंबकीय बाजू रेणूचा आकार भागिले तरंगलांबी या प्रमाणात मार खाते. पृष्ठभागावरच्या एसएचजीला चुंबकीय भागाची गरज नाही, नुसत्या विद्युत प्रतिसादातूनही डावं-उजवं दिसतं. जेनिस हिक्स यांच्या गटाने १९९३ मध्ये पाण्यावर पसरलेल्या बायनॅफ्थॉल या कायरल रेणूवर हा फरक मोजला. अशा मोजमापांत तो दहा-वीस टक्के आणि त्याहूनही जास्त येतो.

एक बारकावा : नुसता विद्युत प्रतिसाद असेल आणि रेझोनन्स (रेणू जिथे शोषतो ती तरंगलांबी) दूर असेल, तर गोलाकार प्रकाशातला फरक नाहीसा होऊ शकतो. त्यावेळी अधिक ४५ आणि वजा ४५ अंशांच्या सरळ पोलरायझेशनमधला फरक बघावा, तो टिकतो.

एसएचजी घ्यावं की एसएफजी?

रेणू दृश्य किंवा अतिनील प्रकाशात शोषणारा असेल आणि ‘डावं-उजवं आहे का’ एवढंच विचारायचं असेल, तर एसएचजी. एकच लेसर, मांडणी सुटसुटीत.

कोणता बंध, कोणती घडण, हे हवं असेल तर एसएफजी. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण आणि २९०० प्रति सेंटिमीटरचा अवरक्त किरण एकत्र पाडले की सुमारे ४६१ नॅनोमीटरचा निळा प्रकाश निघतो. अवरक्त बाजू सरकवत नेली की पृष्ठभागाचा कंपन-वर्णपट हाती येतो. कंपन अवरक्त आणि रामन दोन्हींत दिसणारं हवं. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ च्या शोधाची निवडसूत्रं इथे अशी कामी येतात.

‘पी’ आत, ‘एस’ बाहेर सिग्नल आला. नमुना कायरल आहे असं लिहू का?

थांबा. प्रयोगापेक्षा अर्थ लावताना जास्त घोटाळे होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

आधी तो खरंच एसएचजी आहे का ते बघा. तीव्रता दुप्पट केल्यावर सिग्नल चौपट होतो, हा पुरावा पुरत नाही, कारण दोन-फोटॉन प्रतिदीप्तीही (दोन फोटॉन शोषून रेणूचं स्वतः चमकणं) तशीच चौपट होते. एसएचजी बरोबर अर्ध्या तरंगलांबीवर, अरुंद आणि ठरलेल्या दिशेला येतं. प्रतिदीप्ती रुंद आणि सगळीकडे पसरलेली असते.

मग नमुना त्याच्याच प्रतलात फिरवा. आरशाचा सगळा युक्तिवाद ‘सपाटीत सगळीकडून सारखा’ या अटीवर उभा होता. स्फटिकाची काप, घासलेली काच, एका दिशेला ओढलेला थर यांत ती अट मोडते आणि कायरल नसलेला नमुनाही ‘एस’ प्रकाश देतो. फिरवल्यावर सिग्नल चढ-उतरत असेल तर कायरल हा शब्द अजून लिहू नका. पोलरायझर थोडा तिरका असला तरी बलवान साधा सिग्नल गळून येतो, तेही तपासा.

खरी कसोटी रसायनशास्त्राकडे आहे. डाव्या रूपाचा थर, उजव्या रूपाचा थर आणि दोन्हींचं समसमान मिश्रण, असे तीन नमुने करा. अधिक-वजा ४५ चा फरक पहिल्या दोघांत विरुद्ध चिन्हाचा आणि तिसऱ्यात शून्य यायला हवा. हे तीन नमुने नसलेला निबंध मी तरी संशयाने वाचतो.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो. रेणू स्वतः कायरल आहे म्हणून सिग्नल आला, की साधे रेणू पंख्याच्या पात्यांसारखे एका बाजूला वळून बसलेत म्हणून? एसएचजीला दुसरी गोष्टही तितकीच जोरात दिसते, कित्येकदा जास्तच. म्हणून सिग्नलच्या आकड्यावरून ‘रेणू किती कायरल’ असं बोलता येत नाही. आकड्यात रेणू आणि त्याची बसण्याची तऱ्हा दोन्ही मिसळलेली असतात.

नुसत्या सिग्नलवरून डावा की उजवा ते कळतं का? मिश्रणातलं प्रमाण काढता येईल का?

नुसत्या ‘पीएसपी’ तीव्रतेवरून कळत नाही. डाव्या-उजव्याचं चिन्ह उलटं असतं, पण शोधकाला वर्ग दिसतो. चिन्ह हवं तर कायरल सिग्नलचं दुसऱ्या ज्ञात सिग्नलशी व्यतिकरण घडवावं, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींत मिसळाव्या लागतात, ±४५ च्या पद्धतीने किंवा हेटरोडाइन मांडणीने.

प्रमाणाचंही तेच. एका रूपाचं आधिक्य १० टक्के असेल, तर वर्गामुळे तीव्रता शुद्ध नमुन्याच्या १ टक्काच उरते. व्यतिकरणात ती १० टक्केच राहते. शिवाय पृष्ठभागावरचं प्रमाण द्रावणातल्यासारखंच असेल असं नाही. नुसतं प्रमाणच हवं असेल तर डावे-उजवे रेणू वेगळे करणारं कायरल कॉलमचं एचपीएलसी वापरा, त्यासाठी लेसर लावू नका.

या पद्धतीने आजवर काय हाती लागलं?

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रथिनांचं काम. पाण्यातल्या प्रथिनाचा अवरक्त वर्णपट घेताना पाण्याचं शोषण नको तिथे आड येतं. कायरल पोलरायझेशनमध्ये मोकळं पाणी दिसतच नाही, त्यामुळे प्रथिनाचा एन-एच पट्टा ३३०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास स्वच्छ उघडा पडतो. येल विद्यापीठात एल्सा यान यांच्या गटाने २०१० च्या सुमारास अ‍ॅमायलिन हे स्वादुपिंडातलं प्रथिन अभ्यासलं. टाइप-२ मधुमेहात त्याच्या गाठी साठतात. मेदाच्या थराशी आल्यावर ते बीटा-शीट या चपट्या घडणीत वळताना १६२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास कायरल सिग्नल उगवताना दिसला, म्हणजे बिघाड होत असतानाच टिपता आला.

डीएनएच्या अरुंद खाचेतलं पाणी त्याच्या पिळाप्रमाणे रांगेत बसतं हे स्फटिकांवरून माहीत होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी साध्या तापमानाला, पाण्याच्याच कंपनांतून ही कायरल रांग पाहिली. पाण्याचा रेणू कायरल नाही, पण रांग कायरल आहे.

औषध कारखान्यात याचा काही उपयोग?

एका थराचा अभ्यास उत्पादनात क्वचितच लागेल. एसएचजीचा सूक्ष्मदर्शक मात्र कामाचा आहे. एकाच हाताच्या रेणूंच्या स्फटिकात उलट-सममिती असूच शकत नाही, त्यामुळे असे बहुतेक स्फटिक एसएचजीत चमकतात आणि स्फटिक नसलेली पावडर काळी राहते. अमॉर्फस औषधात स्फटिक तयार व्हायला लागलेत का, हे त्यावरून लवकर कळतं. मिश्र, म्हणजे रेसेमिक औषधांचे स्फटिक बहुधा सममित असतात, तिथे भरवसा ठेवू नका.

सर, एवढ्या महागाचा लेसर आपल्याकडं कुठून येणार? इथं राहून काही करता येईल का?

खरं सांगायचं तर एसएफजीची मांडणी कोट्यवधींची असते, आणि पैशापेक्षाही ती चालती ठेवणारी माणसं दुर्मीळ. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी रोपर इथे पाण्याच्या पृष्ठभागावर एसएफजीचं काम झालं आहे. पीएच.डी.चा विचार असेल तर अशा ठिकाणी अर्ज करा.

तोवर निम्मा विषय कागदावर आहे. टेन्सरची सममिती, रेणूच्या कलानुसार सरासरी, ±४५ च्या फरकाचं गणित, हे सगळं पायथॉनमध्ये साध्या लॅपटॉपवर होतं. क्वांटम केमिस्ट्रीची मोफत सॉफ्टवेअरं रेणूचा प्रतिसाद काढून देतात. बहुतेक विभागांत पोलरीमीटर असतोच. उसाच्या साखरेचं आम्लाने विघटन होताना वळण अधिकवरून वजावर जातं, तो प्रयोग मन लावून करा. रेषीय पद्धत कुठवर पोचते आणि कुठे थकते, हे हाताला कळलेलं बरं. लॅबला १०६४ नॅनोमीटरचा पल्स लेसर मिळाला, तर क्वार्ट्झच्या पातळ पट्टीवरून एसएचजी मिळवणं हा एम.एस्सी.चा चांगला प्रकल्प होईल.

तो प्रकाश डोळ्यांनी दिसतो का?

एका थराचा बहुधा नाही. शंभर फेम्टोसेकंदांच्या एक मिलिज्यूल पल्समध्ये क्षणिक शक्ती दहा गिगावॅट असते, तरी मोजायला अतिशय थंड केलेला सीसीडी कॅमेरा किंवा फोटॉन मोजणारी नळी लागते. डोळ्यात जायची भीती आहे ती मूळ किरणाची. ८०० आणि १०६४ जवळजवळ किंवा अजिबातच दिसत नाहीत, म्हणून पापणी वेळेवर मिटत नाही. गॉगल घेताना त्यावर छापलेली तरंगलांबी बघा. हिरव्याचा गॉगल अवरक्ताला थोपवतोच असं नाही. आणि जत्रेतल्या स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त गाळणारी काच कित्येकदा बसवलेलीच नसते, तो पोरांच्या हाती देऊ नका.